आप्पांच्या नावाचा श्वास

“दोन दिवस चुकले गं माझे,” आई म्हणाली.

रुग्णालयातल्या निळ्या खुर्चीत ती बसली होती. जुईच्या बोरन्हाणासाठी नेसलेली काळी साडी अजून अंगावर तशीच होती आणि पदराच्या काठात हलव्याचा एक दाणा अडकून राहिला होता. पुण्याहून इचलकरंजीपर्यंतच्या पाच तासांत तिनं ना तो काढला होता, ना घोटभर पाणी घेतलं होतं. श्रुतिकाला वाटलं, नवऱ्याला एकटं टाकून लेकीकडे दोन दिवस राहायला आले, याचीच आईला बोच लागली असणार. तिनं मांडीवरच्या जुईला एका बाजूला घेतलं आणि दुसरा हात आईच्या पाठीवर ठेवला.

“तू इथं असतीस तरी काय करणार होतीस, आई?”

आई काहीतरी सांगणार होती. पण तेवढ्यात आतून परिचारिकेनं विचारलं, सदाशिव म्हेत्रे यांचं कोण आहे, आणि दोघी एकदम उठल्या. आईचं सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

आप्पा सकाळी अकराच्या सुमाराला मागापाशी पडले होते. तुटलेला धागा सांधायला वाकले आणि उठलेच नाहीत. माग चालूच राहिला. शेजारच्या शेडमधल्या माणसाला आवाज बदललेला कळला म्हणून तो बघायला आला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. दवाखान्यात आणलं तेव्हा रक्तदाब होता दोनशे दहा आणि एकशे वीस.

हा आकडा डॉक्टर हुक्केरींनी दोनदा वाचला, कारण त्यांच्या समोरच्या पडद्यावर आप्पांचीच गेल्या तीन महिन्यांची नोंद उघडी होती. तिच्यात रोज सकाळ-संध्याकाळ एकच ओळ होती, थोड्या फार फरकानं. एकशे अठरा, शहात्तर. उत्तम.

“असं होत नाही,” हुक्केरी बाई हळूच म्हणाल्या. आईला नव्हे, स्वतःलाच.

सदाशिव म्हेत्रे म्हणजे जुन्या यंत्रमागांचे नावाजलेले जॉबर. माग बिघडला की ज्याला बोलावून आणतात तो जॉबर. ऐन उमेदीत शंभर माग एकदम धडधडत असताना दारात उभं राहून ते सांगायचे, त्या कोपऱ्यातल्याचा धोटा धागा घेऊन उशिरा पोचतोय. पुढे गावात बिनआवाजाचे नवे माग आले, जॉबरांची गरज संपली, पण आप्पांनी घरामागच्या शेडमध्ये धोट्याचे चार जुने माग राखून ठेवले होते. त्यांच्यावर पंचे विणत. कान आयुष्यभराच्या खडखडाटानं मंद झालेले, त्यामुळे घरातही बोलायचे ते मागावर ओरडल्यासारखं. नवखा माणूस घाबरायचा. आई नाही.

रक्तदाब त्यांना बेचाळिसाव्या वर्षापासून. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, हा त्यांचा कायमचा हिशेब. आठवली तर घ्यायची. पापडाला, ताकाला, पेरूच्या फोडीला वरून मीठ. श्रुतिका लहानपणापासून ते भांडण ऐकत आली होती.

म्हणूनच गावात जोड-उपचार केंद्र निघालं तेव्हा तिनंच मागे लागून त्यांना तिथं नेलं. या केंद्राची खुबी अशी, की एकाच टेबलाशी डॉक्टर हुक्केरी आणि वैद्य पाटगावकर शेजारी शेजारी बसत. आधीच्या काळी माणसं वैद्याचं चूर्ण डॉक्टरांपासून लपवायची आणि डॉक्टरांची गोळी वैद्यापासून, आणि पोटात गेल्यावर त्या दोघांची जी काय गाठ पडायची ती पडायची. इथं सगळं एका कागदावर. पाटगावकरांनी आप्पा वर्षानुवर्षं बाजारातून आणत असलेल्या एका मुळीच्या चूर्णावर स्वतःच्या हातानं काट मारली. हेही दाब उतरवतं आणि ते औषधही उतरवतं, दोन्ही मिळून तुम्हालाच खाली उतरवतील, असं म्हणाले. चूर्णाऐवजी मीठ निम्मं, रोजचं चालणं आणि सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं संथ श्वास.

आणि या सगळ्याला जोडून होती ती समतोल पट्टी.

पट्टी मनगटाला बांधायची. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची जी लाट येते, तिच्या वेगावरून आणि आकारावरून पट्टी दाब ओळखायची. तिची जोडीदार म्हणजे कुपी. तांदळाच्या चार दाण्यांएवढी ही कुपी डाव्या दंडाच्या कातडीखाली बसवलेली असे. तिच्यात वर्षभराचं औषध. पट्टी सांगेल तेवढंच ती रक्तात सोडे. गोळी विसरायचा प्रश्नच मिटला.

खरी नवलाई पुढेच होती. मिनिटाला सहा, असा संथ श्वास घेतला की मानेतल्या रक्तवाहिन्यांमधली दाब जोखणारी टोकं जास्त सावध होतात, मेंदू हृदयाला जरा दमानं घ्यायला सांगतो आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात. हे जुनंच ज्ञान. पण कोणाला किती फायदा होतो, हे आजवर कुणी मोजू शकत नव्हतं. पट्टी मोजायची. श्वासानं अमुक अंक उतरले, मीठ कमी केल्यानं तमुक, असं ती हळूहळू शिकायची आणि तेवढं औषध कमी करायची. चालता-बोलताना, हात हलताना मिळालेले आकडे ती बेभरवशाचे म्हणून टाकून द्यायची. शांत बसलेल्या माणसाचा आकडा तेवढा खरा मानायची. डॉक्टरसुद्धा पाच मिनिटं बसवूनच दाब बघतात, तसंच.

श्रुतिकाचं काम याच पट्टीचं होतं आणि मोठं गमतीचं होतं. पट्टी मराठीत जे बोलायची ते ती लिहायची. जुईच्या जन्मानंतर घरूनच, जुई झोपली की. कधी चाळीस मिनिटं मिळायची, कधी दहा. एका हातानं पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातानं वाक्य. ‘सत्र पूर्ण झाले, मात्रा घटवली’ हे अभियंत्यांचं वाक्य खोडून तिनं लिहिलं होतं, ‘आज तुमच्या श्वासानं औषधाचं ओझं हलकं केलं.’ देशभरातल्या मराठी घरांत रोज सकाळी तिचं वाक्य उच्चारलं जातं, याचं तिला फार अप्रूप होतं. आपल्या घरात तर जास्तच.

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात आप्पांच्या दंडात कुपी बसली. आईचा रोज फोन यायचा. हे बसतच नाहीत. बसले तर दोन मिनिटांत पेपर उघडतात. म्हणतात, श्वास काय मोजायचा, तो आपोआप चालतोय की. मागावर जाताना पट्टी काढून खिळ्याला अडकवतात, कारण काय तर हादरा बसतो. रात्री देवघराच्या दिवळीत चार्जिंगला. अशा एका फोनच्या वेळी जुई तापानं फणफणली होती, दूध ओकली होती, श्रुतिका दोन रात्री झोपली नव्हती. काहीतरी चेष्टेचं बोलून तिनं फोन आटोपता घेतला.

त्यानंतर तक्रारी थांबल्या. आकडे उतरायला लागले. दिवाळीत पट्टी म्हणाली, औषध निम्मं झालंय. डिसेंबरात ते पावच उरलं. श्रुतिकानं कामावरच्या लोकांना आप्पांचा आलेख अभिमानानं दाखवला. बघा, माझ्या अडेल वडिलांनाही जमलं.

रुग्णालयातून आप्पा पंधरा दिवसांनी घरी आले. बोलणं सगळं गेलं होतं, दोन शब्द सोडून. ‘होय की.’ पाणी हवं का, होय की. नको का, होय की. दुखतंय का, होय की. आई त्यातले फरक ओळखायला शिकली. श्रुतिकाही जुईला घेऊन महिनाभर राहायला आली.

एका दुपारी हुक्केरी बाईंनी तिला बोलावून घेतलं. कंपनीला त्यांनी दोन पत्रं पाठवली होती. यंत्र तपासलं, बिघाड नाही, असं उत्तर आलं होतं. तुम्ही आतल्या आहात, त्या म्हणाल्या, कच्ची नोंद मागवून बघा.

कच्ची नोंद म्हणजे आकडे नव्हेत, ठोके. चार महिन्यांतल्या प्रत्येक सकाळ-संध्याकाळचा एकेक ठोका. जुई झोपल्यावर श्रुतिका स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्यानंच ते बघायला लागली.

आप्पांच्या नाडीला एक खोड होती. वीस-पंचवीस ठोक्यांनंतर एक ठोका चुकायचा, मग पुढचा जरा जोरात पडायचा. काळजीचं नाही, असं डॉक्टर पूर्वीच म्हणाले होते. श्रुतिका लहान असताना आप्पांच्या छातीला कान लावून तो चुकलेला ठोका पकडायचा खेळ खेळायची. आला की दोघंही हसायचे. तुझ्या बापाच्या मागाचा धोटा अडकला बघ, असं आप्पा म्हणायचे.

सुरुवातीच्या चार दिवसांच्या नोंदीत तो होता. कधी एकवीस, कधी चोवीस, कधी तेवीस ठोके, आणि मग ती रिकामी जागा. पाचव्या दिवसापासून तो नाहीसा झाला. पुढे चार महिने एकही ठोका चुकला नव्हता.

तिनं डोळे चोळले. मग दिसलं दुसरंच. दर आठवड्याला एका दिवशी दाब आणखी तीन-चार अंकांनी खाली यायचा. संध्याकाळी जास्त. तिनं तारखा लावून पाहिल्या. सगळे सोमवार होते.

आप्पांनी जन्मात उपास केला नव्हता. सोमवार आईचा.

बाहेरच्या खोलीत आई आप्पांच्या पायांना तेल चोळत होती. श्रुतिका दारात जाऊन उभी राहिली.

“आई, सकाळी पट्टी कुणाच्या हाताला असायची?”

आईनं वर पाहिलं. लपवलेलं उघडं पडल्याची शरम तिच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट कुणीतरी विचारलं याचं तिला बरंच वाटलं.

“माझ्या,” ती म्हणाली. “यांच्या नावानं मीच बसायची. यांच्या शेजारीच, हं. हे पेपर वाचायचे आणि मी श्वास घ्यायची. दोन्ही वेळा. एक दिवस चुकवला नाही, ताप होता तेव्हासुद्धा. तुझीच की कल्पना. तूच नाही का म्हणालीस फोनवर, सोमवार धरतेस तसं यांच्या नावानं तूच बस म्हणून?”

पाळण्याची दोरी, ओकलेलं दूध, कानाखाली दाबून धरलेला फोन. श्रुतिकाला सगळं आठवलं.

आई सांगत राहिली. पट्टी बोलायची ना रोज, तुमच्या श्वासानं ओझं हलकं केलं म्हणून. इतकं बरं वाटायचं ऐकून. इथं मी श्वास घेतला की तिकडं यांच्या दंडात पोचतोय. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पोथ्या वाचल्या, उपास केले, पण पोचलं असं कुणी कधी उलटून सांगितलं नव्हतं. ही सांगायची. मग ती थांबली आणि पायावरचा तिचा हातही थांबला.

“बोरन्हाणाचे दोन दिवस तेवढे चुकले. पट्टी घेऊन येऊ का पुण्याला, असं मनात आलं होतं. पण यांच्यापासून लांब बसून चालणार नाही असं वाटलं. चुकले ते चुकलेच.”

लांब बसून चाललं नसतंच. पट्टी हात ओळखत नव्हती, कुपी ओळखत होती. कुपी दहा हातांच्या आत असली की पट्टी धरून चालायची, हा हात तोच. दुसऱ्याच्या शेजारी बसून, दुसऱ्याची पट्टी स्वतःला बांधून, दुसऱ्यासाठी कुणी श्वास घेईल, ही शक्यता यंत्र बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आली नव्हती. आईचा निरोगी, शांत, उपाशी हात पाहून यंत्रानं आप्पांचं औषध थेंबाथेंबानं काढून घेतलं होतं. आणि मागावर आप्पांचा दाब चढत होता, तेव्हा पट्टी खिळ्याला लटकत होती.

आईला वाटत होतं, दोन दिवस श्वास घेतला नाही म्हणून हे झालं. ते ओझं उतरवायला श्रुतिकाला एकच वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानं जे वर चढलं असतं, ते कितीतरी जड होतं.

“त्या दोन दिवसांमुळं नाही झालं, आई,” ती एवढंच म्हणाली.

“मग कशामुळं?”

“रक्तदाबाचं काही सांगता येत नाही.”

आप्पा पलंगावरून म्हणाले, “होय की.”

पट्टी दुरुस्तीला न्यायची आहे, असं सांगून श्रुतिकानं ती आपल्या पिशवीत टाकली. हुक्केरी बाईंना मात्र खरं सांगितलं. त्यांनी कुपी थांबवली, गोळ्या लिहून दिल्या, दंडाला पट्टा आवळायचं जुनं यंत्र घरी दिलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, “मी दर महिन्याला त्यांना फोन करून विचारायचे, श्वास होतोय ना? तुमच्या आई म्हणायच्या, होतोय. कोण घेतंय, हे मी विचारलंच नाही.” पाटगावकर शेजारीच होते. ते समोरच्या कागदाची घडी घालत राहिले आणि उलगडत राहिले.

पुण्याला परतल्यावर श्रुतिकानं तिची वरिष्ठ नीलोफर हिला फोन लावला. एका घरात असं झालंय, म्हणाली. कुणाच्या, ते सांगितलं नाही. नीलोफर आधी हसली, मग म्हणाली, तपासते. पाच दिवसांनी तिचा उलटा फोन आला. त्यांनी राज्यातल्या अकरा हजार घरांच्या कच्च्या नोंदी तपासल्या होत्या. सत्र सुरू झालं की नाडीचं वळणच बदलतं, अशी सातशे चाळीस घरं निघाली. बहुतेक ठिकाणी बायका. काही ठिकाणी मुली. एका घरात आजोबा, नातवासाठी. सगळीकडे औषध खाली खाली येत चाललेलं.

त्या सगळ्या घरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन गेले, कुपी थांबवून गोळ्या द्या म्हणून. पट्टीला माणूस ओळखायला शिकवायचं ठरलं. प्रत्येक नाडीचं आपलं एक वळण असतं, ते तिनं लक्षात ठेवायचं आणि हात बदलला तर औषधाला हात न लावता तसं सांगायचं. काय सांगायचं, ते श्रुतिकानं लिहायचं.

अभियंत्यांनी कच्चं वाक्य दिलं होतं. ‘चुकीची व्यक्ती. सत्र रद्द.’

जुई झोपायची आणि श्रुतिका त्या चार शब्दांकडे बघत बसायची. आई चुकीची व्यक्ती कशी? तिनं ते खोडलं. ‘आपण रुग्ण नाही’ लिहिलं, तेही खोडलं. हे वाक्य साडेसातशे घरांत जाणार, आणि ऐकताक्षणी तिथल्या बाईला मागचं सगळं कळणार, हे तिला दिसत होतं. त्यातलं एक घर तिचं. म्हणजे आईला जे तोंडानं सांगता आलं नाही, तेच ती इथं लिहीत होती. आठ दिवसांनी तीन वाक्यं तयार झाली. नीलोफर म्हणाली, तिसरं काढ. यंत्रानं सांगावं, समजूत घालू नये. श्रुतिका भांडली. नोकरीत पहिल्यांदाच भांडली. तिसरं वाक्य राहिलं.

मार्चअखेरीला ती पट्टी घेऊन स्वतःच गावी गेली. आधी आईशी बोलायचं, मग पट्टी द्यायची, असं एसटीत बसल्यापासून घोकत होती. रविवारी दुपारी आई आप्पांची दाढी करत होती. फेस नाकाला लागला म्हणून आप्पा हसले, अर्ध्याच तोंडानं, आणि आईही हसली. कितीतरी दिवसांनी. श्रुतिका तेव्हा बोलली नाही. संध्याकाळी जुई भिंत धरून पहिली चार पावलं चालली, सगळे तिच्यामागे. तेव्हाही नाही.

सकाळी ती आत जुईला भरवत होती. बाहेरच्या खोलीतून ओळखीचा बारीक सूर आला, सत्र सुरू होताना वाजतो तो. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. सोमवार होता. आईनं आंघोळ करून, टेबलावरची पट्टी घेऊन, सवयीनं स्वतःच्या मनगटाला बांधली होती.

पट्टी बोलली. शांत, स्पष्ट मराठीत.

“हा हात निराळा आहे. ज्यांचं औषध आहे, त्यांच्याच हाताला मला बांधा. त्यांच्या शेजारी मात्र जरूर बसा.”

श्रुतिका बाहेर आली तेव्हा आई खुर्चीत ताठ बसलेली होती. तिनं पट्टीला पुन्हा एकदा बोलू दिलं. तीच तीन वाक्यं.

“हे तू लिहिलंस,” आई म्हणाली. “शेवटचं तरी तुझंच आहे.”

“होय.”

“म्हणजे इतके दिवस हिला माझा हात यांचाच वाटत होता.”

श्रुतिकानं मान हलवली. आई सावकाश एकेक धागा काढावा तसं बोलत होती.

“म्हणून हिनं यांचं औषध कमी केलं. माझं बघून.”

“होय, आई.”

“म्हणजे दोन दिवस चुकले म्हणून नाही.” आईनं पदर तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला. “चार महिने चुकले.”

आप्पा एकदा आईकडे, एकदा श्रुतिकाकडे बघत होते. त्यांना किती कळत होतं, देव जाणे. आई रडली नाही. रडली असती तर श्रुतिकाला काहीतरी करता आलं असतं.

“तुला कधीपासून माहीत?” आईनं विचारलं.

“फेब्रुवारीपासून.”

“आणि एकटीच घेऊन बसलीस?”

हे अनपेक्षित होतं. श्रुतिकाचा बांध फुटला. मांडीला मिठी मारून उभ्या असलेल्या जुईच्या डोक्यावर हात ठेवून ती कशीबशी म्हणाली, मीच सांगितलं होतं तुला, तूच बस म्हणून, जुईला ताप होता त्या दिवशी, मी विचारही केला नाही. आईनं तिला पुढं बोलू दिलं नाही.

“तुझ्या फोनमुळं नाही काही,” ती ठामपणे म्हणाली. “तू म्हणायच्या आधी आठ दिवस मी बसायला लागले होते. तू नंतर म्हणालीस.”

नोंदीतून आप्पांचा चुकणारा ठोका कोणत्या सकाळी नाहीसा झाला, ती तारीख श्रुतिकाला पाठ होती. फोनच्या दुसऱ्या दिवसाची. आणि फोनच्या आधी कुपी बसून आठ दिवसही झाले नव्हते. तिनं आईकडे पाहिलं. आईनं नजर काढून घेतली नाही, पापणीही हलवली नाही.

“असेल,” श्रुतिका म्हणाली. “माझ्याच लक्षात नसेल.”

आईनं मनगटावरची पट्टी सोडली. तिच्या हातावर पट्टीचा जुना फिकट वळ अजून होता. उठून तिनं आप्पांचा डावा हात मांडीवर घेतला, बाही वर सारली आणि पट्टी त्यांच्या हाताला बांधली, फार घट्ट नाही ना हे बोट घालून पाहत. मग खुर्ची पलंगाला भिडवली, तोंड त्यांच्या कानाजवळ नेलं आणि मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असा, श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

आप्पांना काही उमगेना. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पहिली दोन मिनिटं त्यांचा श्वास त्यांच्याच घाईनं चालला. मग कधीतरी तो तिच्या श्वासापाशी येऊन घोटाळला, पुढे गेला, मागे आला, पुन्हा घोटाळला. आयुष्यभर दुसऱ्याचा ताल ऐकून माग लावणारा माणूस तो. हळूहळू त्यानं हाही लावला.

श्रुतिकानं फोनवर पट्टीची नोंद उघडली. एकशे बावन्न. बराच वेळ एकशे बावन्नच. मग पन्नास. अठ्ठेचाळीस. तिथंच थांबला. चार अंक. पट्टीनं औषधाला हात लावला नाही. ‘गोळ्या चालू ठेवा,’ एवढंच म्हणाली.

“किती उतरला?” असं आईनं विचारलं नाही. ती श्वास घेत होती.

श्रुतिकाही आकड्याकडे बघत नव्हती. खाली ठोक्यांची रेघ सरकत होती आणि ती मनातल्या मनात मोजत होती. अठरा. एकोणीस. वीस. जुई पलंगाची कड धरून आजोबांच्या छातीपर्यंत पोचली आणि तिनं तिथं गाल टेकला. एकवीस. बावीस. तेवीस.

चोविसावा चुकला.

“होय की,” आप्पा म्हणाले.